समोरचा चालच करत नाही, नुसतं घड्याळ चालू ठेवून बसतो, काय करायचं?

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या पोरांची एकच तक्रार ऐकतोय, "मामा, हा खेळतच नाय." म्हणजे डाव जिंकत आलेला असतो, समोरच्याचा वजीर गेलेला असतो नाहीतर मात दोन चालींवर आलेली असते, आणि बरोब्बर तिथून पुढे तो माणूस चाल करायचंच बंद करतो. डाव सोडत नाही, बरोबरी मागत नाही, घड्याळ चालू ठेवून गप्प बसतो. दहा मिनिटांच्या डावात त्याच्याकडे साडेसात मिनिटं शिल्लक असली तर साडेसात मिनिटं तुम्ही त्या पटाकडे बघत बसायचं. दापोली तालुक्यात हर्णैच्या बाजूला माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, मागे घराची पडवी, संध्याकाळी सात-आठ पोरं तिथे बसून ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात, भाचा मामा म्हणतो म्हणून सगळीच मामा म्हणतात. त्यांच्यामुळे हा प्रकार इतक्या वेळा बघितलाय की आता जे जे उपाय लागू पडले ते सगळं एकदा नीट लिहूनच काढतो.

आधी भाच्याचं काय झालं ते सांगतो, कारण सगळ्यात मोठा धोका कुठे आहे ते त्यातून कळेल. जुलैची रात्र, पत्र्यावर पाऊस असा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. भाचा अकरा वर्षांचा, माझ्या जुन्या लॅपटॉपवर 10+0 चा डाव, म्हणजे दहा मिनिटं आणि वरती काही नाही. हा विचार करून खेळणारा, समोरचा धडाधड चाली करणारा, आणि त्या घाईत त्याने राजा आणि वजीर दोन्ही घोड्याच्या एकाच माऱ्यात आणून दिले. घोडा बसला, राजाला शह, वजीर जाणारच. राजाला जायला दोनच घरं होती, त्यात विचार करण्यासारखं काहीही नव्हतं. समोरच्याच्या घड्याळात 7:42, भाच्याच्या घड्याळात 2:10. आणि तो थांबला.

एक मिनिट गेलं, दोन गेली, आतून ताईची हाक आली जेवायला ये म्हणून, मासेमारी बंदीचे दिवस, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, भात आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. भाचा म्हणाला, अजून पाच मिनिटं आहेत त्याच्याकडे, दोन घास खाऊन येतो. लॅपटॉपचा आवाज बंद होता, दुपारच्या क्लासमध्ये बंद केलेला तो तसाच राहिलेला. परत आला तर पटावर लिहिलेलं, वेळ संपला, तुम्ही हरलात. समोरच्याने नऊ सेकंद उरलेली असताना राजा एक घर सरकवला होता, आणि मग भाच्याची दोन मिनिटं दहा सेकंद रिकाम्या खुर्चीसमोर संपली. पोरगं रडलं नाही, पण उरलेला भात तसाच ठेवून झोपायला गेलं, आणि मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं.

तर मुद्दा हा की असा माणूस तुमची वेळ खाऊच शकत नाही, तो फक्त स्वतःच्या घड्याळातली वेळ खातो. तुम्ही उठून गेलात, चिडलात, दुसऱ्या टॅबमध्ये व्हिडिओ लावलात, की मग तुमचं घड्याळ त्याच्या हातात जातं. बरेच जण मुद्दाम याच आशेवर बसलेले असतात, शेवटच्या दहा सेकंदात चाल करायची आणि बघायचं समोर कोणी आहे का.

म्हणून पहिला उपाय एकदम साधा आहे, आवाज चालू ठेवा आणि जागा सोडू नका. उठायचंच असेल तर त्याचं घड्याळ बघून ठेवा आणि शेवटचं एक मिनिट उरायच्या आत परत या, आणि तो शेवटपर्यंत थांबेल असंही धरू नका, मधेच कधीही चाल करेल, म्हणून आवाज ऐकू येईल एवढ्याच अंतरावर जा. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर तुमची पाळी आली की ब्राउझरच्या टॅबचं नाव बदलतं, ते दिसेल असं ठेवा. आणि ती रिकामी मिनिटं कामाला लावा, त्याच्याकडे कायदेशीर चाली किती आहेत ते मोजा, दोन असतील तर दोन्हींना उत्तर ठरवून ठेवा, म्हणजे त्याने शेवटच्या क्षणी काहीही केलं तरी तुमचे दोन-तीन सेकंदच जातील. एक मात्र करू नका, कंटाळून आधीच चाल लावून ठेवायची, प्रीमूव्ह म्हणतात ती. त्याला एकच चाल शक्य असेल तर ठीक आहे, पण दोन-तीन शक्य असतील तर तो नेमकी वेगळी करतो आणि तुमचा वजीर फुकट मारला जातो, हेसुद्धा आमच्या पडवीत घडलेलं आहे.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण हे मी दुकानात रोज बघतो. फोनची स्क्रीन तीस सेकंदात बंद व्हायचं सेटिंग असतं, वरून बॅटरी सेव्हर चालू असतो. तुम्ही समोरच्याची वाट बघत बसलात, स्क्रीन काळी झाली, अ‍ॅप मागे गेलं, कनेक्शन तुटलं, की सर्व्हरच्या हिशोबाने डाव सोडून गेलेले तुम्ही! मग डाव तुमच्यावरच उलटू शकतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन टाइमआउट दहा मिनिटांवर ठेवा, खेळताना बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर दोन्ही बंद करा, आणि डावाच्या मधे आलेला फोन उचलू नका, काही फोनमध्ये कॉल चालू झाला की नेट बंद पडतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. समोरचा चाल करत नाही म्हणजे तो मुद्दामच करतोय असं लगेच धरू नका. तीन शक्यता असतात. एक, तो खरंच विचार करतोय. दोन, त्याचं नेट किंवा लाईट गेलीय. तीन, तो घड्याळ लटकवून बसलाय. तिन्हींना उपाय वेगळे आहेत आणि आपल्याकडे कोकणात तर दुसरी शक्यता काय असते ते मी सांगायला नको, जोराचा वारा सुटला, माडाची झावळी तारेवर पडली की लाईट गेली, टॉवरची बॅटरी उतरली की रेंज पण गेली.

ओळखायचं कसं? लीचेसवर नावाच्या बाजूला ठिपका असतो, माणूस जोडलेला असेल तर तो हिरवा भरलेला दिसतो. तो गेला की थोड्या वेळाने सूचना येते की समोरचा डाव सोडून गेलाय, आणि मग तुम्हाला पर्याय मिळतात, विजय मागा, बरोबरी घ्या किंवा वाट बघा. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर कनेक्शन तुटलेल्याला परत यायला ठराविक वेळ मिळतो, नाही आला तर डाव सोडला असं धरून निकाल लागतो. म्हणजे माणूस खरोखर गेलेला असेल तर साइट स्वतःच तुमची सुटका करते, पूर्ण घड्याळ संपेपर्यंत बसावं लागत नाही. आणि नेमकं म्हणूनच मुद्दाम रखडवणारा कधी ऑफलाइन जात नाही, तो जोडलेला राहून बसतो. ठिपका हिरवा, पटावर एकच शक्य चाल, वजीर आत्ताच गेलेला आणि घड्याळात पाच मिनिटं, हे सगळं एकत्र दिसलं तर समजा तिसरा प्रकार आहे.

पण डाव गुंतागुंतीचा असेल, दोन्हीकडे मारामारी चाललेली असेल, तर त्याला विचार करू द्या, ती वेळ त्याच्या हक्काची आहे. 1980 साली स्पेनमधल्या विगो शहरातल्या स्पर्धेत फ्रान्सिस्को ट्रोइस नावाच्या खेळाडूने सातव्या चालीला दोन तास वीस मिनिटं घेतली होती, सातव्या! आणि नियमाप्रमाणे त्यात काहीच चूक नव्हती, घड्याळात जितकी वेळ आहे ती कशी वापरायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. हां, फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांत 11.5 मध्ये असं आहे की समोरच्याला कुठल्याही प्रकारे विचलित करायचं किंवा त्रास द्यायचा नाही, पण समोरासमोरच्या स्पर्धेत ते बघायला पंच असतो, आणि मुख्य म्हणजे हरलेला डाव धरून अर्धा तास लोकांच्या समोर बसायची माणसाला स्वतःलाच लाज वाटते. ऑनलाइन चेहरा दिसत नाही म्हणून हे वाढलंय असं माझं मत आहे.

लाईटचं म्हणाल तर माझा स्वतःचा अनुभव आहे. 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा मी पत्रव्यवहारासारखे डाव खेळत होतो, एका चालीला दोन-तीन दिवस मिळतात तसले, पाच-सहा डाव चालू होते. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरला ते किनाऱ्यावर चढलं आणि आमचा दापोली-मंडणगडचा पट्टा पार झोडपून निघाला, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आमच्या पडवीचे पत्रे उडून समोरच्या शेतात सापडले, विजेचे खांब रस्त्यावर पडलेले. कित्येक दिवस ना लाईट ना रेंज. त्या दिवसांत बुद्धिबळ कोणाच्या डोक्यात असणार, पण नंतर जेव्हा फोन चालू झाला तेव्हा बघितलं तर सगळेच्या सगळे डाव वेळेवर हरलेले. त्यातल्या दोघांनी मला मेसेजमध्ये बरंच काय काय लिहिलं होतं, पळपुटा वगैरे. आणि एकाने, कुठल्या देशातला होता ते पण मला माहीत नाही, फक्त एवढंच विचारलं होतं की तू बरा आहेस ना. तो मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही. त्या दिवसापासून खात्री असल्याशिवाय मी कोणाला काही लिहीत नाही आणि पोरांनाही लिहू देत नाही. उलट ओळखीतला खेळाडू असेल आणि माहीत असेल की त्याच्याकडे लाईट गेलीय, तर लीचेसवर त्याच्या घड्याळाशेजारी अधिकचं चिन्ह असतं, ते दाबलं की त्याला पंधरा सेकंद जास्त मिळतात, चार वेळा दाबा, मिनिट होतं.

आता मुळावरचा उपाय, तो डाव सुरू व्हायच्या आधीच करायचा असतो. लटकवणाऱ्याकडे जितकी वेळ शिल्लक तितकाच तो तुम्हाला बसवू शकतो. 30+0 खेळाल तर पंचवीस मिनिटं बसवेल, 10+0 खेळाल तर आठ मिनिटं. म्हणून सुरुवातीची वेळ कमी आणि प्रत्येक चालीला वरून काही सेकंद असा डाव घ्या. 3+2 मध्ये, म्हणजे सुरुवातीला तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद, पंधरा चाली झाल्या तरी वरून मिळालेले तीसच सेकंद, म्हणजे त्याने एक सेकंदही वापरला नसेल तरी साडेतीन मिनिटांच्या वर तो काही करू शकत नाही, आणि खरं तर तोपर्यंत त्याची निम्मी वेळ गेलेलीच असते. शिवाय वरून सेकंद मिळतात म्हणून तुमचाही फायदा, जिंकलेला डाव नुसत्या वेळेवर हरायची भीती खूप कमी होते.

ही वरून सेकंद द्यायची कल्पना अमेरिकेचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याची, त्याने 1989 मध्ये तसल्या घड्याळाचं पेटंट घेतलं आणि 1992 मध्ये जुना प्रतिस्पर्धी स्पास्की याच्याबरोबर परत सामना खेळला तेव्हा ते घड्याळ वापरलं. आणि रखडवण्याचं दुखणं काही आजचं नाही, 1857 मध्ये न्यूयॉर्कला मॉर्फी आणि पॉलसेन हे त्या काळचे नावाजलेले खेळाडू खेळले तेव्हा घड्याळच नव्हतं, पॉलसेन एकेका चालीला इतका वेळ घ्यायचा की मॉर्फीसारखा माणूसही वैतागला. दोन्ही खेळाडूंचा वेळ वेगळा मोजणारं जोडघड्याळ आलं ते 1883 च्या लंडनच्या स्पर्धेत. म्हणजे घड्याळ आलं तेच मुळी या त्रासावर उपाय म्हणून.

आमच्या पोरांना रॅपिडचं, म्हणजे जरा लांब डावांचं, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) हवं असतं म्हणून ती 10+0 सोडायला तयार नव्हती, त्यांना मी हिशोब करून दाखवला. लीचेस डावाची लांबी धरताना सुरुवातीच्या वेळेत एका चालीला मिळणाऱ्या सेकंदांची चाळीसपट मिळवतं, आणि तो आकडा 480 सेकंद किंवा जास्त झाला की डाव रॅपिडमध्ये जातो. 5+3 चे होतात 420, तो ब्लिट्झ, म्हणजे झटपट डावांचा प्रकार. पण 5+5 चे होतात 500, म्हणजे रॅपिड! पाचच मिनिटं सुरुवातीला, आणि रेटिंग रॅपिडचं. तयार बटणांमध्ये 5+5 नसतं, स्वतः सेट करावं लागतं, त्यामुळे कधीकधी जोडीदार मिळायला थोडा वेळ लागतो, तेवढं सहन करा.

दिवसादिवसाच्या डावात कोणी रखडवत असेल, म्हणजे दोन चालीत मात आहे आणि हा प्रत्येक चालीला शेवटच्या तासापर्यंत थांबतोय, तर तिथे अटींच्या चाली लावून ठेवायची सोय वापरा. तो हे खेळला तर मी ते, असं पूर्ण मातेपर्यंत लावून ठेवायचं आणि विसरून जायचं. आणि पुढच्या वेळी तीन दिवसांऐवजी एका दिवसाचा डाव घ्यायचा.

तक्रारीबद्दल लोक विचारतात, उपयोग होतो का. होतो, पण लगेच दिसत नाही. लीचेसवर वारंवार डाव सोडून जाणाऱ्यांना किंवा वेळ संपवत बसणाऱ्यांना आपोआप काही काळ खेळायला बंदी होते आणि सवय गेली नाही तर बंदी लांबत जाते, पण ती त्याच्या प्रोफाइलवर दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काहीच झालं नाही. चेस डॉट कॉमवर डाव संपल्यावर रिपोर्ट करता येतो. रिपोर्ट करा, ब्लॉक करा, ब्लॉक केल्यावर साध्या डावात तो सहसा परत समोर येत नाही, टुर्नामेंटमध्ये मात्र येऊ शकतो. चॅटमध्ये शिव्या देऊ नका, त्याने रिपोर्ट केला तर उलट तुमच्यावरच येईल. चॅट सरळ बंद ठेवा, लीचेसवर झेड दाबलं की झेन मोड चालू होतो, त्यात चॅट, रेटिंग सगळं लपतं, पट आणि घड्याळ एवढंच राहतं. आणि हो, एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, समोरच्याचा वेळ संपला तेव्हा तुमच्याकडे नुसता राजा उरला असेल तर विजय मिळत नाही, बरोबरी होते. तेव्हा वेळेवर जिंकायच्या नादात मोहरे उधळू नका.

एक अवघड गोष्ट पण लिहितो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरांची छोटी स्पर्धा घेतली, ज्याने त्याने आपापल्या घरून खेळायचं, आणि त्यात आपल्याच एका मुलाने हे केलं, वजीर गेल्यावर सहा मिनिटं बसून राहिला. समोरच्या मुलीने मला फोन केला, मामा, हा हलत नाय. मी त्याच्या घरी गेलो, घर पाच मिनिटांवर, तर हा माजघरात फोन धरून बसलेला, डोळ्यात पाणी. म्हणाला, "डाव संपला की रेटिंग खाली जाईल ना." त्याला कोणाला त्रास द्यायचा नव्हता, फक्त तो आकडा बदललेला बघायची हिंमत होत नव्हती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि विचारलं, वजीर कुठे गेला ते दाखव बघू, आणि आम्ही दोघांनी ती चाल शोधली, कुठल्या प्याद्यामुळे उंटाची वाट उघडली ते बघितलं, मग त्याने स्वतःच डाव सोडायचं बटण दाबलं. रेटिंग अकरा गुणांनी गेलं. तेव्हापासून पडवीत नियम केलाय की हरलेला डाव सोडला की मोठ्याने सांगायचं आणि चूक झाली ती चाल सगळ्यांना दाखवायची, त्याला कोणी हसायचं नाही. शिकवणाऱ्यांनी हे नक्की करा, कारण रखडवणारी पोरं कुठून तरी येतातच ना, कोणाच्या तरी घरातलीच असतात.

भाचा आता 5+5 खेळतो. परवा रात्री परत तेच झालं, समोरच्याचा हत्ती गेला आणि तो थांबला, घड्याळात 1:50. लॅपटॉपचा आवाज चालू, पोरगं मांडी घालून पटासमोर, आतून ताईची हाक, ताट वाढलंय रे. "आई, दीड मिनिट," हा इथूनच ओरडला, आणि बोटाने पटावर घरं मोजत बसला, राजा इकडे गेला तर असं, तिकडे गेला तर तसं. चार सेकंद उरली असताना समोरच्याने चाल केली. याने लगेच हत्ती आठव्या रांगेत नेऊन ठेवला, मात झाली, लॅपटॉप मिटला आणि जेवायला पळाला.